पडवीतून पाहिलेला हंगाम

भाताची कापणी आणि फुटबॉल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी या आठवड्यात भिसेगावच्या मागच्या शेतांत विळे चालायला लागले, कापलेल्या पेंढ्याचा तो ओलसर, गोडसर वास खिडकीतून आत आला आणि माझा हात आपोआप टीव्हीच्या रिमोटकडे गेला. रिमोट जागेवर होता. आमच्याकडे प्रत्येक वस्तू जागेवर असते. टीव्ही मात्र मी लावला नाही, कारण लावून उपयोग नव्हता. आपली टीम आता ज्या खालच्या गटात खेळते, त्या गटाच्या मॅच टीव्हीवर दाखवत नाहीत.

ईशान, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, यंदा कुणाला सपोर्ट करणार?" आणि मीरा मागून ओरडली, "आमच्या इथली टीम घे ना, ती जिंकते तरी!" मी म्हटलं, विचार करते. विचार काही केला नाही. फोन ठेवला, चष्मा पुसला आणि उद्याच्या भाजीसाठी वाल भिजत घातले. पण तुम्हा दोघांना आबांच्या शेवटच्या हंगामाबद्दल मी नीट कधी सांगितलं नाही, हे वाल धुताना लक्षात आलं. आपली टीम घसरली आणि त्या उन्हाळ्यात आबा गेले, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. दोन्ही खरं आहे. मधलं बरंच राहिलं आहे.

माझ्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. आबा टीमचं नाव घेत नसत. "आपले" म्हणायचे. "आपल्यांची मॅच आहे आज." "आपल्यांनी परत घाण केली." लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा व्यावसायिक टीम वगैरे काही नव्हती, तेव्हा "आपले" म्हणजे रसायनीच्या कारखान्याची टीम. आबा तिथे सुपरवायझर होते आणि टीमचे लेफ्ट बॅक. कंपनीची बस पहाटे कर्जतहून निघायची आणि मॅचच्या दिवशी परत यायची तेव्हा तिच्यातून निम्मी टीम आमच्याच दारात उतरायची. वसाहतीच्या मैदानावर पाताळगंगेकडून वारा आला की नाकाला झोंबणारा एक वास यायचा. गॅसची शेगडी नुसती चालू राहावी तसा, आणि त्यात काहीतरी आंबट. मला तिथे बसवत नसे. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, मला रविवारी तपासायच्या वह्या असायच्या आणि घाम-चिखल यांचं कौतुक मला कधीच नव्हतं. पण आबांचा खेळ मी पाहिला आहे. ते फार वेगवान नव्हते. चेंडू घेऊन पुढे जायचे, पास द्यायचे आणि लगेच वळून आपल्या जागेवर परत यायचे. प्रत्येक वेळी. बाकीचे पुढेच रेंगाळायचे. मला वाटतं मी फुटबॉलमधली तेवढी एकच गोष्ट मनापासून पसंत केली आहे.

त्या टीमचा गोलकीपर शांताराम. आपल्या शेजारचाच, तुम्ही ज्याला शांताकाका म्हणता. आबांपेक्षा बराच लहान. त्याची भातशेती कोंडाणे लेण्यांच्या वाटेवर आहे, पण घर आमच्या भिंतीला भिंत लावून. कारखान्यात तो आबांना साहेब म्हणायचा, मैदानावर दादा म्हणायचा आणि दोघं निवृत्त झाल्यावर दादाच राहिलं. गोल खाल्ला की शांताराम पहिल्यांदा मागे वळून बघायचा आणि ओरडायचा, "माझ्या मागं कोन उभं होतं रं?" जाळीमागे जो कुणी उभा असेल त्याला तिथून हाकलून दिलं जायचं. आपली टीम गोल करेपर्यंत त्याने तिकडे फिरकायचं नाही.

तीच रीत पुढे आमच्या हॉलमध्ये आली. कारखान्याची टीम बंद पडली, मैदानावर गोदामं उभी राहिली, आणि आबांनी मुंबईच्या या नव्या टीमला "आपले" केलं. छातीवर लाल पट्टा असलेला पांढरा शर्ट होता त्यांचा. आबा म्हणाले, आपल्या कारखान्याचा असाच होता. एवढंच कारण. तेव्हापासून दर मॅचला शांताराम, त्याची बायको कुंदा, आबा आणि मी. आबा आरामखुर्चीत, शांताराम खाली सतरंजीवर, कुंदा दाराशी आणि मी जेवणाच्या टेबलापाशी काहीतरी निवडत. समोरच्यांनी गोल केला की त्याआधी घराचा उंबरठा शेवटचा कुणी ओलांडून आत आला ते बघायचं. तो दोषी. त्याने उठून पडवीत जायचं आणि खिडकीच्या गजांतून मॅच बघायची. आपल्यांनी गोल केला की मग त्याला आत बोलवायचं.

मला ही रीत आवडत नसे. पायगुण हा शब्दच मला आवडत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी या घरात जे जे बिघडलं, गाभण गाय मेली, विहिरीचं पाणी खाली गेलं, ते सगळं माझ्या पायांच्या हिशेबात धरलं गेलं होतं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीचे पाय असेच असणार, असं चुलत सासूबाई माझ्यासमोर म्हणाल्या होत्या. आबांना मी हे बोलून दाखवलं होतं. ते हसले. म्हणाले, "अगं, म्हणून तर फुटबॉलला लावला. तिथे कुणाचं नुकसान होत नाही."

त्या शेवटच्या हंगामाच्या वर्षी पावसाळ्यात आबांना पक्षाघाताचा झटका आला. डाव्या अंगावरून गेला. रुग्णालयातून घरी आले तेव्हा बोलणं स्पष्ट होतं, हात थोडा कमजोर, डावा पाय ओढत चालायचे. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. तसं होतंही. पण घरी आल्यावर काही दिवसांनी मला जाणवलं की आबांचा राग गेला आहे.

तुम्हाला आबांचा राग आठवत असेल. कुणावर हात न उचलणारा, नुसता तोंडाचा. आमटीला मीठ कमी म्हणून, पेपर उशिरा आला म्हणून, बाजारात कुणी गाडी आडवी लावली म्हणून. मी आयुष्यभर त्यावर वैतागले होते. आता आमटी अळणी झाली तरी ते खाऊन उठायचे. एकदा मी मुद्दाम मीठ घातलंच नाही. त्यांनी वाटी संपवली. "कशी झाली?" मी विचारलं. "छान," म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला, पुसलेलाच होता तो परत पुसला. रडू आलं नाही. काही आलंच नाही.

म्हणून मी त्या वर्षी हंगामाची वाट बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा. आपल्यांची मॅच असली की हा माणूस खुर्चीतून ओरडेल, एवढीच माझी अपेक्षा होती. हरले तर जास्तच ओरडेल. त्या दृष्टीने आपली टीम कधी निराश करत नसे.

भात कापून झालं, शांतारामच्या खळ्यावर झोडणी चालू होती तेव्हा पहिली मॅच आली. टीम मैदानात उतरली आणि शांताराम सतरंजीवर उठून बसला.

"ह्ये कोन? आपले कुटं हायत?"

"हेच आपले," मी म्हटलं. मालक बदलले होते. नव्या मालकांनी लाल पट्टा काढून शर्ट राखाडी केला होता.

"भितीला प्रायमर मारल्यावानी दिसतात," शांताराम म्हणाला.

आबा हसले आणि म्हणाले, "रंग नंतर मारणार असतील." मी टेबलापाशी पालेभाजी निवडत होते. माझे हात थांबले. वाटलं, आलं. परत आलं.

त्या मॅचला आबा बोलले. भरपूर बोलले. आपल्यांचा कॅप्टन पस्तिशीचा झालाय, त्याला मधल्या फळीत उभं करणं म्हणजे सिग्नलला जुनी गाडी बंद पडणं. पास मागे मागे देतात, त्यांना गोल करायचाय की घरी जायचंय? कॉर्नर मारणाऱ्याला पहिल्या माणसाच्या डोक्यावरून चेंडू नेता येत नाही, आमचा शांताराम गोलकीपर असून अनवाणी पायाने नेत असे. मागच्या वर्षी एवढे गोल करणारा मणिपूरचा पोरगा यांनी विकला आणि त्याच्या बदल्यात असा परदेशी माणूस आणला जो धावायच्या आधी मोजे वर करतो. शांताराम प्रत्येक वाक्याला मांडीवर थाप मारत होता. आपले हरले. मला इतकं बरं वाटलं की मी कुणाला न सांगता शिरा केला.

पुढच्या मॅचला ते थोडं कमी बोलले. त्याच्या पुढच्या मॅचला आणखी कमी. आपले हरतच होते. हरण्यातही काही रीत असते, तीही नव्हती. कधी शेवटच्या क्षणी, कधी पहिल्याच. मॅच संपली की कोच पडद्यावर यायचा आणि इंग्रजीत बोलायचा. शांताराम माझ्याकडे बघायचा. "काय म्हनतो, वैनी?"

"म्हणतो, सध्या बदलाचा काळ आहे."

"कवापास्नं?"

पुढच्या आठवड्यात परत. "आज काय म्हनतो?"

"आमच्या पद्धतीवर विश्वास ठेवा म्हणतो."

"पेरनी केली नाय आन् पिकावर ईस्वास ठेवा म्हनतो," शांताराम म्हणाला आणि आबांकडे पाहिलं. आबा पडद्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. वर्गात असा कोरा चेहरा दिसला की मी पूर्वी डस्टर आपटत असे.

मग मी एक युक्ती केली. मी चुकीचं बोलायला लागले. सरळसरळ ऑफसाइड असलेल्या माणसाला म्हटलं, "हा तर बरोबर होता, रेफ्रीने उगाच थांबवलं." आबा पूर्वी अशा वाक्याला खुर्चीतून अर्धे उठायचे. आता त्यांनी मान हलवली. "असेल," म्हणाले. मी आणखी मूर्खपणाचं काहीतरी बोलले. गोलकीपरला पुढे खेळवा म्हटलं. शांताराम माझ्याकडे टकामका बघायला लागला. "वैनी, बरं वाटतंय ना तुमाला?" कुंदाने त्याला कोपर मारलं. तिला कळलं होतं. आबांना काही कळलं नाही, किंवा कळलं असेल तरी ते सांगण्याइतका उत्साह त्यांना नव्हता.

माझ्यापुरतं सांगायचं तर त्या महिन्यांत मलाही काही वाटेनासं झालं होतं. गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या डबीत, औषधाचा चमचा धुऊन पालथा, चालण्याची काठी खुर्चीच्या उजव्या हाताला. थंडी पडली. कर्जतची थंडी ती केवढी, पण सकाळी शेतांवर धुकं उतरायचं आणि वालाची हिरवी रोपं त्यात बुडून जायची. एरवी मला ते दृश्य आवडतं. त्या वर्षी मी त्याच्याकडे बघून दार लावून घ्यायची, कारण धुकं आत येतं.

पडवीत पहिली गेली कुंदा. वालाच्या बिरड्याची वाटी घेऊन आत आली आणि तिचं दुसरं पाऊल पडायच्या आत समोरच्यांनी गोल केला. "जा गं भायेर," शांताराम बायकोला म्हणाला. "बिरडं ठेव आन् जा." ती शिव्या देत गेली. नियम असा की आपल्यांचा गोल झाला की शिक्षा संपते. आपल्यांचा गोल झालाच नाही. पुढच्या आठवड्यात कुंदा आली ती सरळ पडवीत जाऊन बसली. "आत कशाला यिऊ? परत काढशीला." त्या मॅचला डिशची वायर हलली म्हणून शांताराम गच्चीवर जाऊन आला, आणि तो आत आल्याबरोबर गोल. त्याने वादही घातला नाही. सतरंजी गुंडाळून काखेत मारली आणि बाहेर गेला.

आपल्यांचा गोल त्याही दिवशी झाला नाही. नंतरही नाही. मी खेळाचं फार बघितलेलं नाही, पण एखादी टीम गोल करायचंच विसरून जाते हे मी त्या हंगामात पाहिलं. पुढचे तिघे एकमेकांकडे असे बघत राहायचे जसे लग्नाच्या पंगतीत पहिला घास कुणी घ्यायचा म्हणून लोक बघतात.

मग माझी पाळी आली. आबांची संध्याकाळची गोळी द्यायला मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आले आणि तेवढ्यात समोरच्यांनी गोल केला. स्वयंपाकघराच्या दाराला उंबरठा आहे. खिडकीतून शांतारामचा आवाज आला, "वैनी! तुमी!"

"मी घरातच होते," मी म्हटलं. "हा बाहेरचा उंबरठा नाही."

"उंबरा त्यो उंबरा."

"आणि गोळ्या कोण देणार?"

मी आबांकडे पाहिलं. आबांनी उजवा हात उचलला आणि दाराकडे दाखवला. जा. बस्स, एवढंच. पण त्या महिन्यांत आबांनी स्वतःहून ठरवलेली ती पहिलीच गोष्ट होती, म्हणून मी गेले. चुलत सासूबाई असत्या तर खूश झाल्या असत्या.

त्यानंतरच्या सगळ्या मॅच मी पडवीतून पाहिल्या. खिडकीला उभे गज आहेत. गजांपलीकडे आधी आबांचं डोकं दिसायचं, पांढरे विरळ केस, मागे थोडं टक्कल. त्याच्या पलीकडे टीव्ही. हिरव्या मैदानावर राखाडी माणसं. गोल झाला की शांताराम कळवळायचा, कुंदा "मेल्यांनो" म्हणायची, आणि मी आबांच्या डोक्याकडे बघायची. ते हलायचं नाही. जणू मॅच आम्ही तिघं बघतोय आणि आबा दुसरंच काही बघताहेत. गोळीची वेळ मी मध्यंतराला नेली होती. त्या वेळी गोल होत नाहीत, म्हणून शांतारामने आत जायची परवानगी दिली होती. मी आत जायची, गोळी आणि पाणी द्यायची, पेला उचलून परत बाहेर.

पडवीत बसून मात्र माझी मतं तयार व्हायला लागली. दुसरं काही करायला नव्हतं, पालेभाजी निवडायला उजेड कमी पडायचा. मला वाटतं आपल्यांचा सगळा घोळ डाव्या कडेला होता. तो लेफ्ट बॅक, केसांना सोनेरी रंग लावलेला, दर वेळी पुढे पळायचा. पळण्यात चूक नाही. पण चेंडू गेला की तो तिथेच कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि त्याची जागा मोकळी. समोरच्यांना कळलं होतं. सगळ्या टीम त्याच मोकळ्या जागेतून यायच्या. कोचला दिसत नव्हतं, मालकांना दिसत नव्हतं, आणि मला, जिने जन्मात चेंडूला पाय लावला नाही, तिला गजांतून दिसत होतं. वस्तू वापरून झाली की जागेवर ठेवावी. माणसानेही परत जागेवर यावं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी परदेशातून कोच आणला होता.

हे मी आबांना सांगितलं नाही. त्यांना ते माझ्या आधी दिसलं असणार. ते का बोलत नाहीत, हाच तर प्रश्न होता.

शेवटची मॅच वालाच्या शेंगा संपत आल्या तेव्हा झाली. आपल्यांसारखीच आणखी एक टीम हरत आली होती, म्हणून बरोबरी झाली असती तरी आपले वरच्या गटात राहणार होते. शांताराम म्हणाला, काय व्हायचं ते हू दे, आज पोपटी लावू. संध्याकाळी त्याने मागच्या अंगणात मडकं लावलं. शेंगा, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. मॅच सुरू होईपर्यंत तो धुराचा, पाल्याचा वास पडवीत भरला होता. आम्ही तिघं बाहेर, आबा आत.

मध्यंतरानंतर गोल झाला. डाव्या कडेनेच. सोनेरी केसवाला अर्ध्या मैदानात कंबरेवर हात ठेवून उभा होता.

शांताराम सवयीने म्हणाला, "आत कोन गेल्तं?" मध्यंतरातली माझी गोळीची फेरी सोडली तर कुणीच आत गेलं नव्हतं. आत जायला कुणी उरलंच नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी कुंदाकडे. खिडकीतून फक्त समालोचकाचा आवाज येत होता.

मग आबांचं डोकं हललं. त्यांनी काठी चाचपली, खुर्चीचे हात धरले आणि उठले. मी पाट सरकवून उठायला गेले. कुंदाने माझं मनगट धरलं. "यिऊ द्या, वैनी. त्यांचं त्यांना यिऊ द्या."

डावा पाय फरशीवरून ओढत ते दारापर्यंत आले. उंबरठ्याशी थांबले. पाय उचलला जात नव्हता. त्यांनी काठी बाहेर टेकवली, दाराची चौकट धरली आणि पाय हाताने उचलल्यासारखा करून बाहेर आणला. शांतारामने भिंतीशी असलेली खुर्ची पुढे केली. आबा बसले, दम घेतला.

"सगळ्यांना काढून झालं," म्हणाले. "राहिलो होतो मीच. बघू आता."

मग आम्ही चौघं पडवीत आणि टीव्ही रिकाम्या हॉलसमोर. मी आजही डोळे मिटले की मला तो हॉल दिसतो. आरामखुर्ची, तिच्यावरची चुरगळलेली चादर, टीपॉयवर अर्धा पेला पाणी आणि समोर कुणी बघत नसलेल्या पडद्यावर धावणारी माणसं. आता मधे डोकं नव्हतं. सगळं मैदान स्पष्ट दिसत होतं. शांताराम ओठ हलवून कसला तरी जप करत होता. आपल्यांना एक कॉर्नर मिळाला. चेंडू पहिल्याच माणसाच्या डोक्याला लागून परत आला. आणखी एक मिळाला. तसंच झालं. मग शिट्टी वाजली. राखाडी शर्ट एकेक करून गवतावर बसले.

कुंदाने पदराने डोळे पुसले. शांतारामने हात जोडून कपाळाला लावले. आबा थोडा वेळ खिडकीतून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मीपण नव्हतो."

शांतारामने जोडलेले हात खाली घेतले.

"मीपण नव्हतो रे, शांताराम," ते मोठ्याने म्हणाले. "बघितलंस ना? मी बाहेर आलो तरी काय फरक पडला? त्या गाढवाला जागेवर परत यायला काय होतं? चेंडू गेला, तू का उभा? कंबरेवर हात ठेवून फोटो काढतोयस? आणि कोच काय झोपला होता? संबंध हंगाम, संबंध हंगाम त्या एका कडेने आले ते. आंधळ्यालाही दिसलं असतं!"

"दादा, हळू," शांताराम म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता.

"हळू काय? आणि हा शर्ट! ही काय रंगाची निवड आहे?" आबा काठी आपटत होते. "अंडं दे. भाजलीत का नीट? मागच्या खेपेला कच्ची ठेवली होतीस."

शांतारामने मडकं फोडलं. आबांनी अंडं सोललं, फुंकर घातली, खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाले. कुंदा मीठ आणायला उठली. "राहू दे, मी आणते," मी म्हटलं. मी आत गेले, डबा काढला आणि स्वयंपाकघरात थोडा वेळ तो हातात घेऊन उभी राहिले.

तो राग राहिला का, तर नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमटी निमूट खाल्ली. उन्हाळा आला, आंब्याचे दिवस आले, आणि त्याच दिवसांत एका दुपारी ते झोपेतच गेले. तुमचा बाबा आला, सगळं रीतसर झालं, तो परत गेला. लोक मला म्हणाले, तुम्ही किती खंबीर आहात. मला तसं काही वाटत नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं. मी आरामखुर्ची पुसली आणि जागेवर ठेवली.

आता यंदाचं. ईशान, तू पाठवलेली लिंक काल मी टॅबवर लावली. बरोबर चालली. टॅब मी आत टीपॉयवर उभा केला, खिडकीकडे तोंड करून. शांताराम आणि कुंदा आले तेव्हा मी पडवीतच बसले होते.

"वैनी, ह्यो इवलासा पडदा," शांताराम म्हणाला. "हितं आना की भायेर. मांडीवर घिऊन बघू. चेंडू दिसंना मला."

"राहू दे तिथेच," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे, मग आतल्या खुर्चीकडे पाहिलं आणि खिडकीजवळ सरकला. कुंदाने भाजलेल्या शेंगदाण्यांचं ताट मधे ठेवलं. शेतांकडून पेंढ्याचा वास येत होता.

मालक पुन्हा बदलले आहेत. लाल पट्टा परत आला आहे. एवढ्या लांबून, एवढ्या लहान पडद्यावरही तो दिसला. कुंदाला मी दाखवला तर ती म्हणाली, "दादांना आवाडला असता." शांताराम म्हणाला, "काय तरी खोड काडलीच असती त्यांनी." मीरा, तुमच्या तिकडची टीम चांगली असेल, मला शंका नाही. पण तिचा लेफ्ट बॅक कोण, तो परत जागेवर येतो की नाही, हे सगळं मला आता नव्याने बघावं लागेल.

सोनेरी केसवाला गेला. नवा मुलगा आहे, सडपातळ, कुठल्या तरी डोंगरी गावातला असावा. तो पुढे जात होता आणि परत येत होता. मी बघत होते. पुढे गेला, पास दिला, वळला, आला. मग एकदा तो पुढे गेला, त्याचा पाय घसरला, आणि उठून परत येईपर्यंत चेंडू आपल्या जाळीत होता.

शांतारामने कपाळावर हात मारला आणि सवयीने मान वळवून विचारलं, "आत कोन गेल्तं?"

नियमाने कुणाला तरी बाहेर काढायला हवं होतं. आम्ही तिघंही बाहेरच होतो.